कुंडलिकदादाच्या बारा लाद्या

स्वतःबद्दल स्वतःच बोलणं मला आवडत नाही. पण दुसरं कोणी बोलत नाही, म्हणून सुरुवात मलाच करावी लागते. मी साईनाथ वेखंडे, मुक्काम शेणवा, तालुका शहापूर. आटगाव स्टेशनापासून आमच्या गावापर्यंतच्या पट्ट्यातला एकमेव प्रशिक्षित गुप्तहेर. प्रशिक्षण सहा आठवड्यांचं होतं, मोबाइलवरून. प्रमाणपत्र लॅमिनेट करून भिंतीवर लावलं आहे. त्याआधी अकरा वर्षं मी वाशिंदच्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत होतो. माणूस समोर आला की त्याच्या डब्यात काय भाजी आहे, हे मी नुसत्या चालीवरून ओळखायचो. ओळखलेलं बरोबर होतं की नाही हे मात्र कधी कळलं नाही, कारण डबे उघडायचा मला अधिकार नव्हता.

आजवर माझ्याकडे एकोणीस प्रकरणं आली. त्यांतली सतरा सुटली, आणि त्या सतरापैकी सोळा मी हात घालण्याच्या आधीच सुटली. यावरून माझ्या नावाचा दरारा लक्षात यावा. आटगावची हरवलेली कोंबडी तर मला बोलावल्याचं कळताच तासाभरात आपल्या पायांनी घरी आली. माझी बायको संजीवनी म्हणते की कोंबडी संध्याकाळ झाली म्हणून आली. संजीवनी ब्लाउज शिवते. तिला मापं कळतात, माणसं कळत नाहीत, असं माझं अगदी परवापरवापर्यंतचं मत होतं.

आमच्या ओटीवर एका बाजूला तिची शिलाई मशीन आहे आणि दुसऱ्या बाजूला माझं टेबल, म्हणजेच कार्यालय. टेबलावर भिंग, वही आणि एक थंडगार गुळगुळीत चौकोनी पाट. हा पाट दिवाळीत संजीवनीने कुठूनतरी आणून ठेवला होता. त्यावर मी चहाचा कप ठेवतो. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, गावात भाताची झोडणी चालू होती, आणि त्या मंगळवारी सकाळी मी असाच पहिला घोट घेत असताना पायरीवर कुंडलिक निमसे उभे राहिले.

"तुमच्या घरी रंगकाम चालू आहे," मी त्यांच्याकडे एक नजर टाकून म्हणालो.

कुंडलिकदादा चकित झाले. त्यांच्या भुवया, कान, एक मिशी आणि दोन्ही चपला एकाच रंगाच्या होत्या, पण सामान्य माणसाला अशा बारीक गोष्टी दिसत नाहीत.

हा रंग कोणता, हे सांगणं कठीण आहे. कुंडलिकदादा काटकसरी माणूस. शहापूरहून येताना उतारावर मोटरसायकल बंद करतात. सवयीने एकदा चढावरही बंद केली होती. घर रंगवायचं ठरलं तेव्हा त्यांनी तीन ठिकाणच्या चालू बांधकामांवरून उरलेले डबे स्वस्तात उचलले. एक फिका गुलाबी, एक पिस्ता, आणि एकाचं झाकणच नव्हतं. तिन्ही एका पिंपात ओतून बांबूने ढवळले. जो रंग निघाला त्याला गिरजावयनी, म्हणजे त्यांची बायको, वालाच्या बिरड्याचा रंग म्हणते. मजुरीतही त्यांनी अक्कल वापरली. रितेश पेंटरला सांगितलं, माझा हात पोचेल तिथपर्यंत मी रंगवतो, त्याच्यावर तू. दादा उंचीने बेताचे असल्यामुळे हॉलच्या चारी भिंतींवर साडेसहा फुटांवर एक नागमोडी रेघ आली आहे. दादा तिला डिझाइन म्हणतात.

पण आता त्यांचा चेहरा डिझाइनसारखा नव्हता. त्यांनी आधी मागे वळून बघितलं, मग माझ्या कानाजवळ येऊन सांगितलं की लाद्या चोरीला गेल्या आहेत.

प्रकरण असं होतं. हॉल दहा बाय चौदा फुटांचा. वाशिंदला नव्या बिल्डिंगींच्या कामावर फूट बाय फुटाच्या लाद्यांचा एक लॉट उरला होता. दुधी रंग, त्यात चहा सांडल्यासारखी रेषा. कंपनीने ते डिझाइन बंद केलेलं, म्हणून भाव निम्मा. दहा गुणिले चौदा एकशे चाळीस. दादांनी मोजून एकशे चाळीस उचलल्या. रामू गवंडी बिचारा सांगत होता की कापाकापीला, फुटायला शेकडा दहा जास्त घ्याव्या लागतात, सगळं जग घेतं. दादा म्हणाले, हॉल चौकोनी, लादी चौकोनी, कापायचंय काय? आणि फुटायला ती काय कौलं आहेत? दिवाळीच्या आधी लाद्या पडवीत रचल्या, तेव्हा तीनदा मोजल्या होत्या. एकशे चाळीस. परवा रामू बसवायला लागला आणि भिंतींकडून आत येत येत बरोबर मधोमध थांबला. बारा लाद्या कमी. हॉलच्या मध्यावर चार फूट बाय तीन फूट सिमेंटचा उघडा कोबा.

"मग बारा साध्या पांढऱ्या टाका," मी म्हणालो. गुप्तहेराने आधी सोपा मार्ग सुचवून बघावा, असं पहिल्याच धड्यात होतं.

कुंडलिकदादांनी चपलेवरचा रंग नखाने खरवडला. मग म्हणाले, "पैसं पोरीचं हायत, साईनाथ."

त्यांची मुलगी कुणाली वाशिंदला एका कंपनीत पॅकिंगला जाते. दोन वर्षांचा पगार तिने साठवला होता, आणि तो सगळा या रंगात नि लाद्यांत घातला. म्हणून दादा एकेक रुपया चिमटीत धरून होते. येत्या रविवारी तिचा साखरपुडा. मुलगा मुरबाडचा, हितेश. हितेशचे वडील म्हणत होते, मुरबाडला कार्यालय घेऊ, खर्च निम्मा निम्मा. कुणालीने एकच हट्ट धरला की साखरपुडा घरीच करायचा. मी जायच्या आधी एकदा हे घर पुरं झालेलं बघायचंय, म्हणाली. व्याह्यांनी कार्यालय शनिवार संध्याकाळपर्यंत धरून ठेवलं होतं. तोवर लाद्या झाल्या नाहीत तर साखरपुडा मुरबाडला.

"तिला इचारलं मी, मधी येगळी डिझाइन टाकली तर चालंल का. चालंल म्हनली," दादा म्हणाले. "नको म्हनली असती तर बरं वाटलं असतं."

मला वाईट वाटलं. मी कप त्या पाटावर ठेवला आणि प्रकरण स्वीकारलं. फी दोन हजार, खर्च वेगळा. आणि एक अट घातली, जी या संपूर्ण तपासाचा कणा ठरली: लाद्या गेल्याचं कोणालाही सांगायचं नाही. गावात नाही, घरात तर मुळीच नाही. दहातले नऊ गुन्हे घरचाच माणूस करतो, हा तिसरा धडा. गिरजावयनीने विचारलं, मधलं काम का थांबलं, तर काय सांगू, असं दादांनी विचारलं. मी म्हणालो, सिमेंटची गोणी दगड झाली म्हणून सांगा. दादांनी रामू गवंड्यालाही शपथ घातली. माझ्या प्रत्येक तपासात एक क्षण असा येतो की त्यानंतर गुन्हेगाराची धडगत नसते. इथे तो क्षण हाच होता, आणि तो मी हातचा घालवला, असं संजीवनी नंतर म्हणाली.

आता तपास. लादी ही जमिनीवरची वस्तू आहे. टोपी डोक्यावर, लादी जमिनीवर. तेव्हा चोरलेली लादी सापडली तर कुणाच्यातरी जमिनीवरच सापडणार. मी मंगळवारपासून गावात मान खाली घालूनच फिरू लागलो. दोघांना वाटलं माझं काही हरवलंय, तिसऱ्याने संजीवनीला विचारलं की घरात भांडण झालंय का.

पहिला संशयित रितेश पेंटर. हेतू उघड होता: ती रेघ. ज्या कलावंताला भिंतीचा वरचाच भाग रंगवायला मिळतो, तो सूड घेणारच. मी सहज म्हणून त्याच्या घरी गेलो. जमीन साध्या कोब्याची होती. चारी कोपरे बघितले, खाटेखाली वाकून बघितलं. रितेशच्या आईने माझी अवस्था बघून पाणी दिलं. माठावरचं झाकण चौकोनी नि इतकं जड की बाईला दोन्ही हात लावावे लागले. मीच उचलायला मदत केली. पाणी छान गार होतं. जमीन निर्दोष असल्यामुळे रितेश सुटला. जाताना मी त्याला भिंतीवरच्या रेघेबद्दल छेडलं तर तो म्हणाला, बरंच झालं, खाली वाकावं लागलं नाय.

दुसरी भागीरथीमावशी, दादांची शेजारीण. दोन घरांमधल्या सांडपाण्याच्या गटारीवरून चार वर्षं तिचं नि दादांचं वाकडं होतं. गिरजावयनीशी मात्र तिचं चांगलं होतं, आणि हेच मला संशयास्पद वाटलं. मी गेलो तेव्हा मावशी ओट्यावर एका चकचकीत चौकोनावर नव्या तांदळाच्या पापड्या थापत बसली होती. मी तो चौकोन ओलांडून आत गेलो आणि जमीन बघितली. शेणाने सारवलेली, एकही लादी नाही. मावशीने दोन ओल्या पापड्या हातावर ठेवल्या. वहीत मी नोंद केली: जमीन शेणाची, पापडी उत्तम, आरोपी निर्दोष.

तिसरी शक्यता शास्त्रीय होती. लाद्या गेल्याच नसतील, हॉल वाढला असेल. रंगाचे थर चढले की भिंती जाड होतात, मग हॉल लहान व्हायला हवा. पण तीन रंग एकत्र केल्यामुळे उलटा परिणाम झाला असेल तर? बुधवारी मी संजीवनीची टेप घेऊन हॉल मोजला. लांबी पावणेसोळा फूट भरली. मी आनंदाने दादांना मिठीच मारणार होतो. संजीवनीला टेप परत दिली तेव्हा ती म्हणाली की ही धुवून आटलेली टेप आहे, पेटीकोटाला वापरते, खरी टेप खणात आहे. दादांनी विचारलं, मग हॉल किती वाढला? मी सांगितलं, तपास चालू आहे.

गुरुवारी रात्रभर विचार करून मी मुळापर्यंत पोचलो. गुन्ह्याचा फायदा कुणाला? घरची जमीन अपुरी राहिली तर साखरपुडा कुठे जातो? मुरबाडला. कार्यालय कुणाला हवं होतं? हितेशच्या वडिलांना. शेणव्यातून बारा लाद्या उचलून व्याह्याला आपल्या गावी खेचायचं, असा हा डाव होता. शुक्रवारी सकाळी मी मोटरसायकलवर मुरबाड गाठलं. वेषांतर म्हणून लादी पॉलिश करणाऱ्याचं सामान घेतलं: बादली, पावडर, गोणपाट. लादी बघायला लादीवाल्याच्या वेषात जाणं ही कल्पना प्रशिक्षणात नव्हती, ती माझी स्वतःची.

हितेशचे वडील ओसरीवर पेपर वाचत होते. मी सांगितलं, कंपनीची स्कीम आहे, डेमो फुकट. फुकट शब्दावर त्यांनी पेपर खाली ठेवला. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा माणूस कुंडलिकदादांचा व्याही शोभतो. एका खोलीचा डेमो होता, तो तीन खोल्यांचा झाला. मग देवघर. मग म्हणाले, जिन्याच्या पायऱ्या राहिल्या. दुपारी अडीचपर्यंत मी गुडघ्यांवर होतो. प्रत्येक लादी मी स्वतःच्या हाताने घासली, त्यामुळे खात्रीने सांगू शकतो की त्या घरात दुधी रंगाची एकही लादी नाही. निघताना त्यांनी नंबर मागितला. रविवारी आमाला शेणव्याला जायचंय, म्हणाले, नंतर बोलावतो, डेमो अजून एकदा बघू.

शनिवार उजाडला. मध्यावरचा उघडा तुकडा तसाच होता. दुपारी मी गेलो तेव्हा दादा त्या तुकड्यावरच बसले होते. बाकी हॉल चकचकत होता आणि मध्ये ते. कुणाली ड्युटीवरून येऊन दारात उभी राहिली होती. तिने हॉलकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, उठा, सतरंजी टाकू मधी. कुनाला दिसनार पन नाय." ती हे इतकं हसून म्हणाली की दादांना उठवेना. मीही वही मिटली. एरवी मी प्रकरणात गुंतत नाही.

तरीही शेवटचं शस्त्र माझ्याकडे होतं. सगळ्या संशयितांना एका खोलीत जमवायचं आणि एकेकाकडे बोट दाखवत जायचं, सहावा धडा. चार वाजता मी सगळ्यांना हॉलमध्ये भिंतीला टेकून उभं केलं. रितेश आला. रामू गवंडी थापी घेऊनच आला. भागीरथीमावशी आली. संजीवनी कुणालीच्या ब्लाउजची फिटिंग बघायला आली होती, ती थांबली. गिरजावयनी सगळ्यांत शेवटी, खळ्यावरून, केसांत भाताचं पिंजार घेऊन. झोडणी आजच संपली होती. आठ दिवस ती पहाटे जायची नि दिवेलागणीला यायची.

मी घसा साफ केला. म्हणालो की या घरातून बारा लाद्या नाहीशा झाल्या आहेत आणि गुन्हेगार या खोलीतच आहे.

"कसल्या बारा लाद्या?" गिरजावयनीने विचारलं. "पडवीतल्या? त्या मीच दिल्या ना फराळाला."

मी रितेशकडे बोट केलं होतं, ते तसंच राहिलं.

वयनीने जे सांगितलं ते असं. दिवाळीत रंगकाम चालू होतं. घरातली ताटं, पराती, सगळी भांडी गोण्यांत बांधून माळ्यावर टाकलेली आणि माळ्याखाली रितेशची बांबूची परांची. फराळ तर शेजारीपाजारी धाडायलाच हवा. मग तिने पडवीतल्या लाद्या घेतल्या, घासून धुतल्या, वर पळसाचं पान घातलं, पानावर चकल्या-करंज्या मांडल्या आणि बारा घरी स्वतः देऊन आली. ताटासारखं ताट. मग कापणी, मग आठ दिवस खळ्यावर. लाद्या कमी पडतील असं तिच्या मनातही आलं नाही. "सगळं जग दहा टक्के जास्त आनतंय," ती दादांना म्हणाली, "मला वाटलं तुमीपन आनल्या असतील. मला काय सांगितलं का तुमी?"

दादा माझ्याकडे बघू लागले. मी तिसरा धडा आठवायचा प्रयत्न केला.

प्रकरण सुटलं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं, आणि मी टाळ्यांची वाट बघत थांबलो. पण खरा घोटाळा इथून पुढे होता. भागीरथीमावशी म्हणाली, माझ्याकडे आहे की एक लादी. दादा म्हणाले, मग आत्ता आणा. मावशी म्हणाली, रिकामी?

आमच्याकडे कुणाच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. चिमूटभर साखर घालतात, मूठभर तांदूळ घालतात, पण फराळाच्या ताटात चिमूट घालून चालत नाही. फराळाला फराळच लागतो. आणि दिवाळी झाल्यापासून सगळं गाव कापणीत, झोडणीत. कढई चढवायला वेळ कुणाला? म्हणून बाराही घरांत लाद्या तशाच राहिल्या होत्या, कोणी माठावर, कोणी ओट्यावर. प्रत्येक घर लाजत होतं की गिरजाचं ताट अजून गेलं नाही.

दादा म्हणाले, मी जातो नि मागून आणतो. गिरजावयनीने त्यांचा रस्ता अडवला. दिलेलं ताट मागायला जायचं, तेही पोरीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी? दादा मावशीला म्हणाले, चार वर्षांचं गटारीचं भांडण मी सोडतो, रिकामी द्या. मावशी म्हणाली, गटारीचं भांडण सोडा नाहीतर धरा, साखरपुड्याच्या घरी रिकामं ताट माझ्या हातून जायचं नाय. लाद्या कुठे आहेत हे आता सगळ्यांना माहीत होतं, आणि एकही हलत नव्हती. एवढ्यात दादांचा फोन वाजला. मुरबाड. कार्यालयाचं काय ते विचारायला. दादांनी फोन हातात धरला आणि तो वाजू दिला.

मी एक योजना मांडली. वेषांतर करून भंगारवाला म्हणून जायचं. कोणी ऐकलं नाही.

संजीवनी कुणालीच्या बाहीला टाचणी लावत होती. तोंडातली टाचणी काढून ती म्हणाली, "उद्या साठ मानसं खायला. गिरजावयनी एकटी काय काय करील? मावशी, बारा घरांनी आज संध्याकाळी एकेक जिन्नस करून द्या ना. पोर सगळ्या गावाची हाय."

एवढंच. कशात घालून आणा, हे तिला सांगावं लागलं नाही. भागीरथीमावशी पदर खोचत उठली. दादांनी एक क्षण डोळे मिटले. शहापूरला वडा-जिलबीची ऑर्डर द्यायची होती, ती वाचली, हे त्यांच्या तोंडावर वाचता येत होतं. मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, तेल माझ्याकडून. हे ते स्वतःहून म्हणाले, याला सात साक्षीदार आहेत. फोन परत वाजला तेव्हा त्यांनी उचलून सांगितलं, कार्यालय सोडा, साखरपुडा शेणव्यालाच.

दोन तासांत गावभर तेलाचा वास सुटला. सहाच्या सुमारास पहिली लादी आली, रितेशच्या आईकडून, वर तांदळाचे लाडू. मग भागीरथीमावशीची, तळलेल्या पापड्यांची. मग करंज्या, शेव, शंकरपाळे, नारळाच्या वड्या. गिरजावयनी जिन्नस डब्यांत काढून घ्यायची, कुणाली लादी घासून पुसून रामूकडे द्यायची आणि रामू बसवायचा. तो म्हणाला, वीस वर्षं लाद्या बसवतोय, गरम लादी पहिल्यांदा बसवली. अकरा बसल्या. मधोमध एक फुटाची जागा उरली.

आता पुन्हा माझी वेळ आली होती. मी पुढे झालो आणि सांगितलं की अकरा घरं निर्दोष ठरली, पण बारावं घर गप्प बसून आहे, आणि जो एवढं सगळं होऊनही गप्प बसतो तोच या कटाचा सूत्रधार. मी त्याला शोधून काढीन.

गिरजावयनी बोटांवर घरं मोजत होती. बाराव्या पेराशी थांबली आणि म्हणाली, "बारावं तुमचंच की, भावजी."

मी संजीवनीकडे बघितलं.

"मला वाटलं तुमाला ठाऊक हाय," ती म्हणाली. "रोज तिच्यावर चहा पिता."

हा धागा फार नाजूक असल्यामुळे तो एकट्याने तपासावा असं मी ठरवलं आणि घरी गेलो. टेबलावरचा तो पाट उचलून उलटा केला. मागे कंपनीचा छाप होता. पुढे तीन आठवड्यांच्या कपांचा एक गोल डाग. मी तो पाण्याने घासला, पावडरीने घासला, मुरबाडच्या पॉलिशने घासला. गेला नाही. लादी काखेत मारून निघालो, पण दारातच पाय अडला. रिकामी कशी द्यायची? घरात पीठही मळलेलं नव्हतं. मग मला योग्य ती वस्तू सुचली. मी वहीचं पान फाडलं, त्यावर माझं बिल लिहिलं: तपास फी दोन हजार, मुरबाडचं पेट्रोल, पॉलिश पावडर. बिल लादीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी गिरजावयनीला दिलं. तिने ते बघितलं, घडी करून कमरेला खोचलं आणि लादी रामूकडे सरकवली.

एकशे चाळिसावी लादी बसली तेव्हा दादांनी सगळ्यांना भिंतीकडे उभं केलं, रामूने नव्या बारांवर फळी टाकली, आणि कुणाली अनवाणी त्या टोकापासून या टोकापर्यंत चालत आली. मध्ये फळीवर एक क्षण थांबली. हसली नाही. दुपारी ती खोटं हसली होती, हे मला तेव्हा कळलं. वडिलांजवळ येऊन म्हणाली, "झालं, बाबा, घर." दादांनी मान फिरवून भिंतीवरची रेघ बघितली आणि बराच वेळ तीच बघत राहिले.

रविवारी साठ माणसं आली. हितेशच्या वडिलांनी हॉलभर नजर फिरवली, भिंतीवरच्या रेघेचं डिझाइन आवडल्याचं सांगितलं, मग त्यांची नजर मधल्या लादीवर गेली आणि तिथून माझ्यावर. अरे, हा तर आपला पॉलिशवाला, इथेही डेमो आहे का, म्हणाले, आणि मग साठ माणसांसमोर त्यांनी मला तो गोल डाग दाखवला. मी गोणपाट घेऊन बसलो. कुणालीनेच थांबवलं. राहू द्या काका, म्हणाली, ताट ठेवायला खूण झाली. ओवाळणीचं ताट त्या गोलावर ठेवलं गेलं, आणि अंगठ्या तिथेच घातल्या गेल्या.

सोमवारी सकाळी मी टेबलाशी बसलो होतो, कप कुठे ठेवावा या विचारात. भागीरथीमावशी आली. गिरजाने धाडलंय, म्हणाली, आणि माझ्यासमोर माझंच बिल ठेवलं. त्यावर पैसे, सही, काहीही नव्हतं. पण रिकामं मात्र नव्हतं. वर तांदळाचे दोन लाडू होते.

लाडू मी खाल्ले. बिल पुन्हा पाठवायला घेतलं, तर संजीवनीने मशीन थांबवली आणि म्हणाली, नुसतं कसं पाठवता?